फलकावरची वनजाक्षी

केरळातल्या पुळियंकावच्या बस थांब्यासमोर वनजाक्षीचं शिवणाचं दुकान होतं, आणि बसची वाट पाहणाऱ्या प्रत्येक बाईबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. अमकीचा ब्लाउज पाठीत फुगलाय, म्हणजे तो तिने शोरनूरला शिवून घेतला. तमकीचा गळा एका बाजूला घसरतोय, म्हणजे माप देताना ती फोनवर बोलत होती. ही मतं वनजाक्षी मनात ठेवत नसे. तरीही बाया तिच्याकडेच यायच्या, कारण तिने शिवलेला ब्लाउज अंगावर चढला की बाई ताठ उभी राहायची, एवढं तिच्या शत्रूंनाही मान्य होतं.

चट्टे पहिल्यांदा उठले ते कोपरांवर. लालबुंद, वर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे. मग गुडघ्यांवर आले, मग पाठीवर, मग केसांच्या कडेने कपाळावर. काळं कापड शिवताना कोपराखालून पांढरा कोंडा सांडायचा आणि ती फुंकर मारून तो उडवायची. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणायची, चार दिवस लावायची, बरं वाटलं की फेकायची. सोरायसिस हे नाव तिला ठाऊक होतं. त्याला भाव द्यायची तिची तयारी नव्हती.

गावात मात्र वैद्यकी न येणारा माणूस सापडणं कठीण. रेशनवाल्याने कोरफड सांगितली, देवळाच्या पुजाऱ्याने कडुनिंब, आणि जन्मभर स्वतःच्या खोकल्याला औषध न सापडलेल्या पोस्टमास्तरने कोडुंगल्लूरला जाऊन समुद्रात बुडी मारायला सांगितलं. सगळ्यांवर कडी केली ती नणंदेने. राधामणी म्हणजे वनजाक्षीच्या नवऱ्याची थोरली बहीण, तिची चेची, म्हणजे ताई. तिच्या मते सगळा सर्पकोप होता. घरामागच्या सर्पकावातला, नागासाठी राखलेल्या झाडीतला दिवा दोन शुक्रवार लावला गेला नव्हता, म्हणून नाग चिडला होता.

"चेची, नाग चिडला तर चावेल," वनजाक्षी म्हणाली. "माझ्या कोपरावर बसून कोंडा पाडायला त्याला दुसरे उद्योग नाहीत का?"

वनजाक्षीचा नवरा अच्युत मारार यात पडला नाही. तो देवळांच्या उत्सवांत चेंडा वाजवायचा. तीस-एक वर्षं त्या ढोलाशी कान लावून त्याला आता निम्मं ऐकू येत नव्हतं, आणि कुठलं निम्मं ऐकायचं हे तो स्वतः ठरवत असे.

शेवटी राधामणीच तिला सरकारी आयुर्वेद इस्पितळात घेऊन गेली. वनजाक्षी गेली ती इस्पितळावर तोंडसुख घेता येईल म्हणून. तिथली डॉक्टर मुंताज चाळिशीची, डोक्याला घट्ट स्कार्फ, आवाज घोगरा. समोरच्या प्रत्येक रुग्णाने काहीतरी चोरून आणलंय, अशा नजरेने ती बघायची. आपल्याइतकी तिरसट बाई भेटली म्हणून वनजाक्षीला ती आवडली. डॉक्टरने कोपर वळवून पाहिलं, पापुद्रा नखाने हलकेच खरवडला, पाठ पाहिली, डोकं पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला मोठ्याने सांगितलं, "एककुष्ठ."

तो शब्द राधामणीने ऐकला. त्यानंतर डॉक्टर बराच वेळ बोलत होती. हा रोग लागट नाही, हा शरीरातून उठतो, येतो आणि जातो, त्याला आवरून धरता येतं पण मुळासकट उपटता येत नाही, पथ्य पाळावं लागेल, कर्कटक महिन्यात, ऐन पावसाळ्यात, दाखल होऊन शरीरशुद्धीचं शोधन करून घ्या, खाटांसाठी आत्ताच नाव द्या. यातलं एक अक्षरही राधामणीच्या कानात शिरलं नाही. तिथे कुष्ठ जाऊन बसलं होतं आणि ते कुणाला जागा द्यायला तयार नव्हतं. परतीच्या बसमध्ये राधामणी वनजाक्षीशेजारची रिकामी जागा सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या तळ्यावर आंघोळीला आलेल्या बायांना बातमी कळली, आणि तिसऱ्या दिवसापासून वनजाक्षीच्या दुकानात कापड येईनासं झालं. कुणी थेट काही बोललं नाही. नवऱ्या मुलींच्या आया फोन करून सांगायच्या की साडीच अजून आली नाही, लग्नच पुढे गेलंय, हल्ली मुलींना तयार ब्लाउज आवडतात. एक बाई न कापलेलं रेशीम परत न्यायला आली. पिशवीचं टोक तिने दोन बोटांच्या चिमटीत असं धरलं होतं, जणू आत मेलेला उंदीर होता.

"सांभाळून हं," वनजाक्षी तिला म्हणाली. "त्या कापडाला मी काल दोनदा हात लावलाय. एकदा तर मुद्दाम."

बोलून झालं, पण मशीन गप्प पडलं ते पडलंच. डॉक्टर मुंताजने दिलेला काढा ती घेत होती. तो कडू होता आणि सावकाश होता, आणि कडूपणापेक्षा सावकाशपणा तिला सोसवेना. खाटेसाठी नाव देऊन ठेवलं होतं. पण कर्कटकात अख्खा केरळ पाठ चोळून घ्यायला आडवा होतो, तेव्हा सरकारी इस्पितळात खाट मिळणं म्हणजे लॉटरीच. अशा वेळी गोपकुमार तिच्या दुकानाची पायरी चढला.

गोपकुमार शारजात एसी दुरुस्त करायचा. परत आल्यावर त्याने नदीकाठच्या नारळबागेत कौलारू कुटिरं बांधली, दारात माणसाएवढी पितळी समई ठेवली, जरीकाठी केरळी कसवू साड्या नेसवून मुली उभ्या केल्या, आणि फाटकावर पाटी लावली, 'पुळियंकाव आयुर्ग्रामम'. पदवीवाला एक वैद्यही त्याने पगारावर ठेवला होता, मान हलवायला. स्वतः गोपकुमार कपाळाला चंदन लावून फिरू लागला, आणि परदेशी पाहुणे त्याला गुरुजी म्हणू लागले. गावाने हे सगळं पाहिलं, हसून घेतलं आणि मग आपणही गुरुजी म्हणायला सुरुवात केली. वनजाक्षी एकटीच त्याला गोपा म्हणायची.

त्याचं म्हणणं साधं होतं. परदेशी पाहुण्यांचे फोटो लावून इथली माणसं विश्वास ठेवत नाहीत. इथल्या, सगळ्यांच्या ओळखीच्या चेहऱ्याची त्याला गरज होती. तिने कर्कटकात आयुर्ग्राममला येऊन राहावं, एक छदाम देऊ नये, आणि बरी झाल्यावर फोटो काढू द्यावा.

"आणि बरी नाही झाले तर?"

"होणारच, चेची. आमचा लेप आहे."

कोरफडवाल्याला, कडुनिंबवाल्याला आणि नागालाही तिने पिटाळून लावलं होतं. चंदनवाल्याला मात्र तिने हो म्हटलं. पुढे स्वतःला सगळ्यात जास्त नावं तिने याच गोष्टीसाठी ठेवली.

आयुर्ग्राममला तिला पहाटे कडू तूप प्यायला देत. रोज मात्रा वाढे, आणि दुपारपर्यंत ढेकरसुद्धा कडू येत. मग तेल, मग वाफेची पेटी, ज्यातून फक्त डोकं बाहेर. एक दिवस वांतीचं औषध दिलं आणि तिला वाटलं, आपण लहानपणी खाल्लेलंसुद्धा आता बाहेर येणार. लाकडी द्रोणीत झोपवून कपाळावर ताकाची धार धरत, तेव्हा मात्र छान वाटायचं. इतकं छान, की तिला स्वतःचीच लाज वाटे. हे सगळं खरंच शास्त्रातलं होतं, ते नंतर मुंताजनेही मान्य केलं. पण संध्याकाळी एक मुलगी बिननावाच्या डबीतून काळपट लेप आणायची आणि चट्ट्यांवर चोळायची, तो शास्त्रातला नव्हता. चारेक दिवसांत पापुद्रे गळले. आठवड्याने लाली उतरली. एका सकाळी आंघोळीला गेलेल्या वनजाक्षीने कोपरावरून हात फिरवला तर तिथे नुसती कातडी होती, थंड, मऊ, कुणाच्याही कोपरासारखी. तिने नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

मग फोटो. फोटोवाल्याने तिला हसायला लावण्यासाठी इतके विनोद केले की शेवटी तिला त्याची कीव येऊन हसू आलं, आणि तेच त्याने टिपलं. ओणमच्या तोंडावर बस थांब्याच्या डोक्यावर, अगदी तिच्या दुकानासमोर, फलक उभा राहिला. डावीकडे खवल्यांनी भरलेला हात, उजवीकडे गुळगुळीत हात, आणि मधे दोन्ही गालांत हसणारी वनजाक्षी. खाली लिहिलं होतं, 'सोरायसिसला कायमचा निरोप. मी बरी झाले, तुम्हीही व्हा.'

अच्युत मारार फलकाखाली बराच वेळ उभा राहिला.

"चांगला आहे," घरी येऊन तो म्हणाला. "पण ही बाई कोण?"

त्याने विनोद केला की त्याला खरंच वाटलं, हे तिला कधी कळलं नाही.

आणि बाया परत आल्या. रोग लागट नाही असं सरकारी डॉक्टर घसा फोडून सांगत होती, तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता. एसीवाल्याने रंगीत पत्र्यावर लिहिलं, तेव्हा बसला. जिने पिशवी चिमटीत धरून नेली होती ती तीच पिशवी काखोटीला मारून आली आणि म्हणाली, "मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, तुम्ही बऱ्या होणार." राधामणीने ओणमच्या जेवणाला बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं. वनजाक्षीने सगळ्यांची मापं घेतली. तोंडावर कुणाला काही बोलली नाही, कारण त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या माणसाच्या जिभेला धार राहत नाही.

आयुर्ग्राममने बरोबर दिलेली डबी संपली. तिने नवी मागितली तर गोपकुमार म्हणाला, आता गरजच काय. धनू महिन्याची कोरडी थंडी पडली, पालघाटच्या खिंडीतून वारा सुटला, आणि एका आठवड्यात सगळं उलटून आलं. नुसतं परत आलं नाही, फौज घेऊन आलं. जिथे कधी नव्हतं तिथे आलं, पोटावर, मांड्यांवर, तळहातांवर. पाठ भाजल्यासारखी लाल झाली. रात्रभर अंग तडकायचं आणि सकाळी पांघरुणात ओंजळभर कोंडा निघायचा. उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजले आणि कात्री धरवेना.

तिने लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले, स्वतःसाठी. मशीन दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात ओढलं. समोर फलकावर ती स्वतः हसत होती, आणि त्या हसण्याच्या जोरावर आत गिऱ्हाईक येत होतं. आपल्याच चित्राच्या मेहेरबानीवर आपण जगतो आहोत, हे तिला इतकं झोंबलं की त्यापुढे पाठीची आग परवडली.

कुणीतरी चुगली केली असावी. गोपकुमार कोळिकोडच्या हलव्याचा डबा घेऊन घरी आला. तिचे हात पाहून त्याचा चेहरा पडला, पण तो तिच्या हातांसाठी नव्हे, हे तिला दिसलं.

"चेची, तुम्ही मासे खाल्ले," तो म्हणाला.

"तारलीचा वास आला तरी मी तोंड फिरवते. तू सोडलास तर न पचणारं दुसरं काही मी गिळलं नाही."

"मग दही. किंवा मनस्ताप. मनस्तापानेसुद्धा..."

"मनस्ताप आत्ता समोर बसलाय."

त्याने विषय बदलला. आयुर्ग्राममला मागच्या फाटकाने यावं, तो गुपचूप पुन्हा इलाज करेल. फक्त तोपर्यंत दुकानात दर्शनी भागी बसू नये, आणि बस थांब्यावर तर मुळीच उभं राहू नये. नव्या कुटिरांचं उद्घाटन होतं आणि मोठी माणसं त्याच रस्त्याने येणार होती.

"त्या लेपात काय असतं, गोपा?"

"ते परंपरेचं गुपित आहे, चेची."

"कुणाच्या परंपरेचं? तुझा बाप सायकलचे पंक्चर काढायचा. चांगले काढायचा. त्याने कुणाला चंदन दाखवून पंक्चर काढलं नाही."

तो उठला. जाताना हलव्याच्या डब्याशेजारी एक नवी काळी डबी ठेवून गेला.

ती डबी तिथेच राहिली. अच्युत मारारने हलवा संपवला, डबीला हात लावला नाही. वनजाक्षी येता-जाता तिच्याकडे बघायची. मग एका दुपारी तिने बोटभर लेप घेतला आणि फक्त डाव्या कोपराला लावला. दुसऱ्या दिवशी ते कोपर निवलं. सगळं अंग पेटलेलं आणि तेवढंच कोपर शांत, जसं काही झालंच नव्हतं. तिला जे झालं तो आनंद नव्हता. इतक्या पटकन जे निवतं ते कुठे जातं, असा विचार तिच्या मनात आला. तिने डबीला झाकण लावलं आणि ती सरकारी इस्पितळात गेली.

मुंताजने डबी उघडली, वास घेतला, बोटावर घासून पाहिली.

"फलकावर तुम्हीच ना? मी रोज बसमधून बघते," ती म्हणाली. "बघते आणि शिव्या देते."

"मला की त्याला?"

"दोघांना. त्याला जास्त." मग तिने डबी टेबलावर आपटली. वासावरून शपथ घेता येत नाही, म्हणाली, पण इतक्या झपाट्याने काम करणारी वनस्पती तिने तरी पाहिलेली नाही. हे बहुधा मलमातलं कडक स्टिरॉइड आहे, कोळसा नि तेल घालून काळं केलेलं. जाणकार डॉक्टर तेच औषध मोजून देतो, हळूहळू कमी करतो, लक्ष ठेवतो. हा माणूस डबीभर चोळतो आणि एकदम बंद करतो. मग असं उसळून येतं. "तुम्ही एवढ्या जिभेच्या धारदार, आणि तुम्ही गेलात त्याच्याकडे."

"तुम्हीच पाठवलंत," वनजाक्षी म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण निघालं. "माझ्या नणंदेसमोर तुम्ही तो शब्द मोठ्याने बोललात. कुष्ठ. तिसऱ्या दिवशी मी गावाची महारोगी झाले होते. पोथीतला शब्द तुमचा, दुकान माझं बसलं."

मुंताजने डबी बाजूला सारली. शिकाऊ मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.

"चुकलं," डॉक्टर म्हणाली. "आमच्या पोथीत कातडीच्या सगळ्याच रोगांना कुष्ठ म्हणतात, साध्या खरजेलासुद्धा. बोलून बोलून आम्हाला त्याचं काही वाटत नाही. बाहेर त्याचा काय अर्थ होतो याचा विचार मी करायला हवा होता." मग लगेच तिचा मूळ आवाज परत आला. "पण म्हणून एसीवाल्याकडून काळं फासून घ्यायचं? बोटं दाखवा. हे सांधे कधीपासून? हे माझ्या एकटीचं काम नाही. आधी तालुक्याच्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा. तिथे गोळ्या दिल्या तर घ्या, मनाने बंद करू नका. मग माझ्याकडे या. आणि एक ऐकून ठेवा. मी हे कायमचं घालवणार नाही. घालवतो म्हणणारा खोटं बोलतो, मग त्याच्याकडे पोथी असो नाहीतर मशीन. मी ते निजवून ठेवायला मदत करेन. मधून मधून उठेल. उठलं की रडत बसायचं नाही, यायचं."

तिच्या आयुष्यात कुणी तिला इतकं कमी देऊ केलं नव्हतं, आणि वनजाक्षीने पहिल्यांदाच विश्वास ठेवला.

सरकारी वॉर्डात पितळी समई नव्हती. लोखंडी खाट होती, आणि जेवणाच्या वासावर येणारी एक मांजर होती. तालुक्याच्या डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या होत्या. इकडे मुंताज तेच कडू तूप देत होती, तीच ताकाची धार, तीच वाफ, पण रोज सकाळी येऊन जीभ बघायची, भूक विचारायची, झोप विचारायची, आणि तूप पचलं नसेल त्या दिवशी देत नसे. कातडी कोरडी राहू द्यायची नाही, खाजवायचं नाही, पापुद्रा सोलायचा नाही, कारण जिथे जखम तिथे नवा चट्टा. दही बंद, लोणचं बंद, मासे बंद, जागरण बंद. वनजाक्षीने प्रत्येक गोष्टीवर टीका केली आणि प्रत्येक गोष्ट पाळली. आधी पाठीची आग विझली. मग पापुद्रे पातळ झाले. कोपरं काही गुळगुळीत झाली नाहीत. फिकट गुलाबी डाग राहिले, कडेला थोडे खवले. पण बोटं वळू लागली, कात्री धरता येऊ लागली.

घरी आल्यावर तिने गोपकुमारला निरोप धाडला, फलक उतरव. त्याचं उत्तर आलं की फोटोला तुम्ही होकार दिला होता, आता तो आयुर्ग्राममचा आहे.

दुसऱ्या सकाळी वनजाक्षीने अच्युतला हाताशी घेऊन मशीन ओढत दुकानाच्या ओसरीवर आणलं, अगदी रस्त्याकडे तोंड करून. आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला. आणि शिवायला बसली. ती कुणाला काही सांगायला गेली नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. बसची वाट पाहणाऱ्यांना दुसरा उद्योग नसतोच. त्यांची नजर वर फलकाकडे जाई, मग खाली ओसरीवर, मग पुन्हा वर. लग्नसराईचे दिवस, बाहेरगावची माणसंही पुष्कळ. एक ओट्टपालमची बाई न राहवून रस्ता ओलांडून आली आणि वर बोट करून म्हणाली, "ही तुमची बहीण का?"

"जुळी," वनजाक्षी दोरा ओवत म्हणाली. "ती कायमची बरी झाली. मी तेवढी राहिले."

बाई फलकाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती इतकी हसली की तिची बस गेली.

हे वाक्य गावभर झालं. बसचे कंडक्टर थांबा आला की "जुळ्या बहिणी" असं ओरडू लागले. गोपकुमार गाडीतून एकदा येऊन पाहून गेला, दुसऱ्यांदा आला तेव्हा उतरून म्हणाला, "चेची, तुम्ही माझं नुकसान करताय."

"मी ब्लाउज शिवतेय. तुला शिवायचाय?"

आठवड्याच्या आत फलकावर साड्यांच्या सेलची जाहिरात चढली. काळी डबी मुंताजने तपासणीसाठी औषध खात्याकडे पाठवली. खात्याने काय केलं ते खात्यालाच ठाऊक. आयुर्ग्राममचं फाटक महिनाभर बंद दिसलं, मग उघडलं. आता तिथे सांधेदुखीला कायमचा निरोप देतात. एका निवृत्त हेडमास्तरांचा फोटो आहे, तोही हसतोय. लोक जातात. पुळियंकावात एवढी चेष्टा पचवूनही लोक जातात, याचं वनजाक्षीला नवल वाटत नाही. तीही गेली होती.

गिऱ्हाईक निम्मं उरलं. पिशवीवाली पुन्हा शोरनूरला गेली. पण काही नव्या बाया येऊ लागल्या, दूरच्या गावांहून. माप देताना त्या दार लावायला सांगायच्या आणि मग हळूच पदर बाजूला करायच्या. मानेखाली, कोपरावर, कमरेत, तेच चट्टे. इतकी वर्षं या सगळ्या होत्या कुठे, असं तिला वाटायचं. वनजाक्षी त्यांना धीर देत नसे. कापड कुठलं घ्यावं, जे घासणार नाही, ते सांगायची, कमरेची शिलाई सैल ठेवायची, आणि काळी डबी वापरली का ते दरडावून विचारायची. वापरली असली तर मुंताजकडे धाडायची आणि सांगायची, सकाळी लवकर जा, दुपारनंतर ती माझ्यासारखी होते.

मेडम महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, राधामणीच्या मुलीचं लग्न निघालं. राधामणीने घरी येऊन सांगितलं की वनजाक्षीने यावं, अर्थातच यावं, फक्त लांब बाह्या घालाव्यात, आणि वाढायला उभं राहू नये, माणसं काय म्हणतील. अच्युत मारार दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता, आणि हे त्याला पूर्ण ऐकू आलं. तो बहिणीला म्हणाला की ठीक आहे, मग चेंड्याची सोयही दुसरीकडे बघ. राधामणीने दोन दिवस तोंड फिरवलं. मुहूर्ताला चार दिवस उरले असताना दुसरे चेंडावाले मिळेनात, तेव्हा बाह्यांचा विषय आपोआप मिटला.

लग्नाच्या हॉलमध्ये वनजाक्षी पहिल्या पंगतीत जाऊन बसली, आखूड बाह्यांत. तिच्या उजवीकडचं पान रिकामं राहिलं. माणसं येत, बघत आणि पुढे सरकत. तिने मान वर केली नाही. पानावर पाणी शिंपडून ते पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. तेवढ्यात अच्युत वादन आटोपून घामाने निथळत आला आणि त्या पानावर धपकन बसला. तिच्या पानावरचं लोणचं आणि दह्याची पच्चडी न विचारता त्याने आपल्याकडे ओढली.

"तुला चालत नाही ना," तो म्हणाला, मोठ्याने, बहिऱ्या माणसासारखं.

सांबार झालं, ओलन झालं, अवियल झालं. शेवटी पायस घेऊन खुद्द राधामणी पंगतीतून आली, कारण घरच्या बाईने ते वाढायची रीत होती. वनजाक्षीसमोर येताच तिचा हात वर गेला, पळी पानापासून चांगली हातभर उंच, आणि गुळाचं गरम पायस उंचावरून पडून चहूकडे उडालं.

वनजाक्षीने आपल्या कसवूच्या काठावरचा थेंब बोटाने पुसला. तिच्याकडे राधामणीसाठी कितीतरी वाक्यं तयार होती, वर्षभर साठवलेली, एकाहून एक जहाल. पण हातभर उंच धरलेल्या त्या पळीकडे बघून तिला रागापेक्षा कंटाळा आला.

"चेची, खाली धरा," ती म्हणाली. "अर्धं वाया गेलं. पुन्हा वाढा, नीट."

राधामणीने पळी खाली आणली. पायस पानावर सावकाश पसरलं. अच्युतने विचारलं, हे पथ्यात बसतं का. वनजाक्षी म्हणाली, मुंताजने दही, मासे नि लोणच्याचं नाव घेतलं होतं, पायसाचं घेतलं नव्हतं. वनजाक्षीने विचारलंही नव्हतं. मग ती बोटांनी पायस गोळा करून खाऊ लागली.